जबाबदार कोण? : आभासी चलनाचे नियमन आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा

ग्वाल्हेरातील पुष्कळ मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या काळची एखादी लाकडी पेटी असते. तिच्या तळाशी, जुन्या कागदांखाली, कधीकधी तांब्याचा एखादा पाव आणा सापडतो. त्यावर जिवाजीराव महाराजांची मुखाकृती आणि विक्रम संवताचे वर्ष असते. संवत १९९९, म्हणजे इसवी सन १९४२, या वर्षाची अशी नाणी संग्राहकांजवळ आजही पाहावयास मिळतात. त्या पाव आण्याने आज बाजारात काहीही विकत मिळणार नाही. तरीसुद्धा ते नाणे एका प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे देते. या नाण्याला जबाबदार कोण? ज्याची मुद्रा त्यावर आहे, तो.

हुंडीचेही तसेच होते. लष्करच्या सराफ्यात एके काळी ज्या हुंड्या फिरत, त्यांवर लिहून देणाऱ्याची सही असे. हुंडी नाकारली गेली, तर सही करणाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहता येई. आजच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही व वचन असते. नाणे, हुंडी आणि नोट ही तीन निरनिराळी साधने खरी. परंतु तिन्हींच्या मागे कोणीतरी उत्तर देणारा उभा आहे.

आता अशा एका धनाचा विचार करू, की ज्यावर कोणाचीही मुद्रा नाही आणि कोणाचीही सही नाही. बिटकॉइन व त्यासारखी आभासी चलने ती हीच. अशा धनाच्या व्यवहारात चूक झाली, तर उत्तर कोणी द्यावयाचे? आणि त्या चुकीचा विमा उतरविता येईल काय? प्रस्तुत लेखात याच दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. विषय वरकरणी रुक्ष वाटेल. परंतु वाचकांपैकी कित्येक विद्यार्थी उद्या लेखापाल, वकील, डॉक्टर, अभियंते होणार आहेत, आणि त्यांच्या पालकांपैकी काहींची बचत या नव्या बाजारात आजच गुंतलेली असेल. तेव्हा तो समजून घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.

आभासी चलन म्हणजे काय?

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये त्यातील कल्पनेनुसार बिटकॉइनची यंत्रणा सुरू झाली. या यंत्रणेत एकच सामाईक खातेवही असते व तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या असतात. एखादा व्यवहार झाला की त्याची नोंद सर्व प्रतींत होते. एका प्रतीत कोणी खाडाखोड केली, तर ती इतर प्रतींशी जुळत नाही आणि म्हणून टिकत नाही. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, असेही त्या यंत्रणेच्या नियमांत बांधून ठेवले आहे.

अशा धनाची मालकी एका गुप्त किल्लीवर अवलंबून असते. ही किल्ली लोखंडाची नव्हे. ती अंकांची व अक्षरांची एक प्रदीर्घ मालिका होय. ज्याच्याजवळ किल्ली त्याच्या हाती धन. किल्ली हरवली की धन जागच्या जागी राहते, पण कोणाच्याच उपयोगी पडत नाही. किल्ली चोरीस गेली, तर चोराने केलेला व्यवहार उलटा फिरविण्यासाठी बँकेसारखी कोणतीही कचेरी नसते.

ग्वाल्हेरकरांना हे समजण्यास दूरचा दाखला शोधावयास नको. शिंदे घराण्याचा ‘गंगाजळी’ नावाचा राखीव खजिना किल्ल्याच्या पोटात होता, आणि त्याचे बीजक फक्त गादीवर असलेल्या महाराजांनाच ठाऊक असे, असे सांगतात. १८८६ साली जयाजीराव महाराज निवर्तले, तेव्हा माधवराव महाराज अवघे नऊ वर्षांचे होते. बीजक सांगावयाचे राहून गेले आणि पुढे कित्येक वर्षे त्या खजिन्याचा शोध चालला, अशी हकीगत येथील घरोघरी ऐकू येते. आज वर्तमानपत्रांत ‘परकीय चलनाची गंगाजळी’ हा शब्द आपण सहज वाचतो. त्यामागे असलेली ही बीजकाची गोष्ट मात्र आभासी चलनाला अधिक लागू पडते. धन आहे, पण त्याचे बीजक एकाच माणसाजवळ आहे, ही मोठी धोक्याची स्थिती होय.

या धोक्याचा एक अर्वाचीन दाखलाही आहे. कॅनडातील क्वाड्रिगा नावाच्या आभासी चलनाच्या पेढीचा संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या देशात, जयपूर येथे, मरण पावला. ग्राहकांच्या धनाच्या किल्ल्या त्याच्याबरोबरच गेल्या, असे आरंभी सांगण्यात आले. परंतु २०२० साली तेथील नियामकांनी चौकशीअंती दाखवून दिले की, बहुतेक धन त्याने हयातीतच गैरव्यवहारात घालविले होते. बीजक हरवणे ही एक आपत्ती; बीजक हरवल्याच्या सबबीआड लबाडी झाकली जाणे ही दुसरी. कोणी तपासणारा नसला म्हणजे या दोहोंतील भेद ग्राहकाला फार उशिरा कळतो.

व्यावसायिक दायित्व आणि त्याचा विमा

वैद्य, वकील, वास्तुशिल्पी, सनदी लेखापाल हे लोक आपले ज्ञान विकतात. त्यांचे काम नीट झाले की नाही, हे सामान्य माणसाला पारखता येत नाही; तो विश्वासावर चालतो. म्हणून कायदा अशा व्यावसायिकांकडून एक गोष्ट अपेक्षितो: त्या व्यवसायातील सामान्य कुशल मनुष्य जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी. कायदा त्यांच्याकडून यशाची हमी मागत नाही. काळजी घेऊनही रोगी दगावला, तर तो दोष नव्हे. परंतु घ्यावयाची ती काळजी न घेतल्यामुळे नुकसान झाले, तर ते भरून देण्याचे उत्तरदायित्व त्या व्यावसायिकावर येते. यालाच व्यावसायिक दायित्व म्हणतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय दिला आणि डॉक्टरांना या दायित्वाची जाणीव विशेषत्वाने झाली.

या दायित्वाचा विमा उतरविता येतो. व्यावसायिक दरवर्षी हप्ता भरतो व त्याच्या चुकीमुळे कोणी भरपाई मागितल्यास विमा कंपनी, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, ती देते. दावा लढविण्याचा खर्चही सामान्यतः त्यात धरलेला असतो. या विम्याच्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली, तो बेसावध चुकीसाठी आहे, हेतुपूर्वक केलेल्या लबाडीसाठी नाही. दुसरी, सरकारने केलेला दंड त्यातून सहसा मिळत नाही; शिक्षा ज्याची त्यानेच भोगावयाची असते. तिसरी, चूक केव्हा झाली एवढेच पाहून भागत नाही. दावा ज्या काळात दाखल झाला, त्या काळात विमापत्र चालू असावे लागते. एक वर्ष हप्ता चुकविला, तर मागील कित्येक वर्षांच्या कामाचे छत्र निघून जाऊ शकते. चौथी, विमा घेताना आपण कोणकोणती कामे करतो हे खरेपणाने सांगावे लागते. सांगितले एक आणि केले दुसरेच, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

एक छोटे उदाहरण घेऊ. एका लेखापालाच्या विमापत्राची मर्यादा १० लाख रुपये आहे आणि प्रत्येक दाव्यातील पहिले ५० हजार रुपये त्याने स्वतः सोसावयाचे आहेत. ग्राहकाचे ३ लाख रुपयांचे नुकसान सिद्ध झाले, तर लेखापाल ५० हजार देईल व विमा कंपनी २ लाख ५० हजार देईल. म्हणजे विम्याने व्यावसायिक बुडत नाही आणि ग्राहकही रिकाम्या हाताने परतत नाही. त्याचबरोबर पहिला भाग स्वतः सोसावा लागत असल्यामुळे व्यावसायिक निष्काळजीही होत नाही.

विमा कायद्याच्या पाठोपाठ येतो

विमा कंपनीला दोन गोष्टी मोजता आल्या पाहिजेत: चूक होण्याचा संभव किती आणि चूक झाल्यास भरपाई किती. परंतु चूक कशाला म्हणावयाचे, हेच जर ठरलेले नसेल, तर मोजावयाचे तरी काय? चूक म्हणजे कर्तव्याचा भंग. आणि कर्तव्य ठरवितो तो कायदा. म्हणूनच जेथे कायदा मौन धरतो, तेथे विमा चाचपडतो. आपल्या देशाच्या इतिहासात याचे दोन बोलके दाखले आहेत.

१९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक या दोन बँका बुडाल्या. सामान्य ठेवीदारांची ससेहोलपट झाली. या आघातानंतर संसदेने १९६१ साली ठेव विमा महामंडळाचा कायदा केला व १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. आरंभी ही मर्यादा माणशी फक्त १,५०० रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये झाली. वऱ्हाडातील ठेवीदारांचे अश्रू हे या कायद्यामागील एक कारण होते, हे मराठी वाचकाने विसरू नये.

दुसरा दाखला आपल्याच मध्य प्रदेशातील. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसांचा बळी घेतला. जखमींना व मृतांच्या आप्तांना तातडीने मदत मिळावी कशी, हा प्रश्न त्या दुर्घटनेने देशापुढे उभा केला. पुढे १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. घातक द्रव्ये हाताळणाऱ्या कारखानदाराने विमा उतरविलाच पाहिजे, आणि दोष कोणाचा हे सिद्ध होण्याची वाट न पाहता अपघातग्रस्तांना ठराविक मदत मिळाली पाहिजे, असे त्यात ठरले. हा विमा व्यावसायिकांचा नव्हे, परंतु त्यामागील तत्त्व आपल्या विषयाला लागू आहे. दोन्ही प्रसंगी क्रम एकच दिसतो: आधी आघात, मग कायदा, मग विमा.

आभासी चलनाच्या बाबतीत आपण या क्रमाच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत, ते आता पाहू.

भारतातील नियमनाची वाटचाल

रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी जनतेला आभासी चलनाच्या धोक्यांविषयी प्रथम सावध केले. ६ एप्रिल २०१८ रोजी तिने परिपत्रक काढून बँकांना व आपल्या देखरेखीखालील इतर संस्थांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. यामुळे मोठी विचित्र अवस्था झाली. असे चलन जवळ बाळगणे गुन्हा नव्हता, पण त्याचा पैसा बँकेतून नेणे-आणणे बंद झाले. अशा वेळी एखाद्या वकिलाने वा लेखापालाने ग्राहकाला सल्ला द्यावा तरी काय? आणि त्या सल्ल्याचा विमा कोणी कोणत्या दराने उतरवावा? ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. रिझर्व्ह बँकेला असा अधिकार आहे, हे न्यायालयाने मानले. परंतु योजलेला उपाय झालेल्या हानीच्या प्रमाणाबाहेर आहे, असे ठरविले.

त्यानंतर कर आला. २०२२ च्या वित्त कायद्याने आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसविला आणि १ जुलै २०२२ पासून तिच्या विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर आधीच कापून घेण्याची योजना लागू झाली. या करातील एक अट विशेष कडक आहे. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहारातील नफ्यातून वजा करता येत नाही. कोणी एका चलनात १ लाख रुपये मिळविले आणि दुसऱ्यात १ लाख रुपये घालविले, तर त्याच्या हाती काहीच उरले नाही. तरीही त्याला ३० हजार रुपये कर व त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१,२०० रुपये भरावे लागतात.

पुढची पायरी २०२३ ची. ७ मार्च २०२३ रोजी आभासी मालमत्तेचा व्यवसाय करणाऱ्या पेढ्यांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणण्यात आले. ग्राहकाची ओळख पटविणे, नोंदी जपून ठेवणे, संशयास्पद व्यवहारांची माहिती सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला देणे, ही त्यांची कर्तव्ये ठरली. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने तर सनदी लेखापाल, कंपनी सचिव व परिव्यय लेखापाल यांनाही, ते ग्राहकाच्या वतीने काही विशिष्ट आर्थिक व्यवहार करीत असतील तेव्हा, त्याच कायद्याच्या कक्षेत घेतले. ग्राहकाचा पैसा, रोखे वा अन्य मालमत्ता सांभाळणे, त्याची बँक खाती चालविणे, घरे-जमिनींची खरेदी-विक्री करणे ही अशा व्यवहारांची उदाहरणे होत.

या पायऱ्यांचा विम्यावर परिणाम दुहेरी झाला आहे. एकीकडे व्यावसायिकावरील कर्तव्ये वाढली, म्हणजे चुकण्याच्या जागा वाढल्या. दुसरीकडे, कर्तव्ये लिहून ठेवली गेल्यामुळे चूक ओळखता येऊ लागली. अंधाऱ्या खोलीत दिवा लावला की पसारा अधिक दिसतो. पण पसारा दिसल्यावाचून आवरताही येत नाही.

लष्करातील एक काल्पनिक लेखापाल

हे सर्व एका कल्पित प्रसंगातून पाहू. समजा, लष्करात एका सनदी लेखापालाचे कार्यालय आहे. त्याच्या एका ग्राहकाने वर सांगितल्याप्रमाणे १ लाख मिळविले आणि १ लाख घालविले. लेखापालाने नवा नियम न वाचता तोटा वजा करून विवरणपत्र भरले. दोन वर्षांनी प्राप्तिकर खात्याची नोटीस आली. ग्राहक संतापून म्हणाला, “तुमच्यामुळे माझे नुकसान झाले, सर्व रक्कम भरून द्या.”

येथे विमा कंपनी बारकाईने पाहील. ३१,२०० रुपयांचा मूळ कर ग्राहकाला मुळातच देणे होता. तो काही लेखापालाच्या चुकीने उत्पन्न झाला नाही. चुकीमुळे वाढला तो व्याजाचा व नंतरच्या धावपळीचा खर्च. भरपाई मागावयाची तर ती बहुधा या वाढीव भागाचीच. नियम स्पष्ट असल्यामुळे चूकही स्पष्ट झाली आणि तिचे मोलही ठरविता आले.

आता प्रसंग थोडा बदलू. त्याच ग्राहकाने विश्वासाने आपल्या आभासी धनाची गुप्त किल्ली कागदावर लिहून लेखापालाच्या कपाटात ठेवावयास दिली, आणि तो कागद गहाळ झाला. आता विमा मिळेल काय? येथे अडचणी एकामागून एक उभ्या राहतात. हिशेब तपासणाऱ्याने परक्याच्या तिजोरीची किल्ली सांभाळणे हे त्याच्या व्यवसायाचे काम आहे काय? विमा घेताना त्याने हे काम सांगितले होते काय? विमापत्रात आभासी मालमत्ता वगळलेली तर नाही ना? आणि गेलेल्या धनाची किंमत कोणत्या दिवशीच्या भावाने धरावयाची? नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरपर्यंत चढला होता. वर्षभराने तो १६ हजार डॉलरच्या आसपास उतरला. एकाच वस्तूच्या भरपाईत चौपटीहून अधिक फरक! अशा स्थितीत विमा कंपनी एक तर जबर हप्ता मागेल, नाही तर हे काम विमापत्रातून वगळून टाकील.

म्हणून व्यावसायिकाने न घेतलेल्या कामाची किल्ली हाती घेऊ नये आणि ग्राहकाने ती देऊ नये.

मुंबईचा अनुभव आणि मद्रासचा निर्णय

हे प्रश्न केवळ कल्पनेतले नाहीत. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या आभासी चलनाच्या पेढीवर १८ जुलै २०२४ रोजी संगणकीय दरोडा पडला आणि सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचे धन चोरीस गेले. धन बाहेर काढण्यास एकाहून अधिक किल्ल्या लागतील, अशी व्यवस्था होती. तरीही चोरी झाली. त्यानंतर पेढी आणि तिला धन सांभाळण्याची तांत्रिक सेवा देणारी संस्था, या दोघांनीही दोष आपला नसल्याचे सांगितले. ग्राहकांची खाती गोठली. सिंगापूरच्या न्यायालयात परतफेडीची योजना मंजूर होऊन पेढीचे व्यवहार पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला. पंधरा महिने लोक एकच प्रश्न विचारीत होते: जबाबदार कोण? बँकेतील ठेवीला जे ५ लाखांचे विम्याचे कवच असते, ते अशा धनाला नसते, हे कित्येकांना त्या वेळी प्रथमच कळले.

याच पेढीच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०२५ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. आभासी चलन ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता आहे. तिचा उपभोग घेता येतो आणि ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी सांभाळताही येते, असे न्यायालयाने म्हटले. विमाशास्त्राच्या दृष्टीने या शब्दांना फार मोल आहे. जेथे मालमत्ता आहे, तेथे तिची हानी मोजता येते. आणि जेथे विश्वस्त आहे, तेथे त्याचे कर्तव्य ठरविता येते. या दोन गोष्टी आल्या की विम्याला पाय ठेवावयास जागा मिळते.

विमा कोठे थांबतो, हे दाखविणारे एक प्रकरण पुण्याचे आहे. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के परताव्याच्या आमिषाने असंख्य लोक फसले, असा आरोप होऊन २०१८ साली पुणे पोलिसांनी तपास आरंभिला. त्यात साहाय्यासाठी घेतलेल्या दोघा तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये, आभासी चलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोप म्हणजे निर्णय नव्हे, हे खरे. परंतु तत्त्व समजण्यापुरते एवढे म्हणता येईल की, तज्ज्ञाने नजरचुकीने धन गमावले तर तो दायित्वाच्या विम्याचा विषय होऊ शकतो. जाणूनबुजून वळविले तर तो फौजदारी न्यायालयाचा विषय होतो. अप्रामाणिकपणाचा विमा मिळत नाही.

युरोपने काय केले?

कायदा व विमा यांची स्पष्ट सांगड युरोपीय संघाने घातली आहे. त्याचा आभासी मालमत्तेविषयीचा कायदा २०२३ साली झाला आणि सेवा देणाऱ्या पेढ्यांना तो ३० डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. त्यातील योजना विद्यार्थ्यांनी अभ्यासण्यासारखी आहे. प्रत्येक पेढीने ठराविक भांडवल राखले पाहिजे, किंवा त्याऐवजी विमापत्र अथवा तत्सम हमी दाखविली पाहिजे. कामाच्या प्रकारानुसार या भांडवलाची किमान रक्कम ५० हजार, १ लाख २५ हजार किंवा १ लाख ५० हजार युरो अशी आहे.

विमापत्र कसे असावे, हेही कायद्यानेच सांगितले आहे. ते निदान एक वर्षाचे असावे. ते रद्द करावयाचे तर ९० दिवस आधी सूचना द्यावी. कागदपत्रांची हानी, दिशाभूल करणारी विधाने, कर्तव्यातील चुका, गोपनीयतेचा भंग, यंत्रणा बंद पडल्याने झालेले नुकसान आणि ग्राहकाचे धन सांभाळण्यातील घोर निष्काळजीपणा, एवढ्यांचा त्यात समावेश असावा. ग्राहकाचे धन सांभाळणाऱ्या पेढीकडून ते गहाळ झाले, तर ज्या वेळी गहाळ झाले त्या वेळच्या बाजारभावापर्यंत ती जबाबदार राहील, असेही ठरले आहे. आपल्या लष्करातील लेखापालापुढे उभा राहिलेला प्रश्न, भाव कोणत्या दिवशीचा धरावा, हा तेथे पेढ्यांपुरता तरी सुटला.

आपल्याकडे ही कल्पना अपरिचित नाही. विमा दलालांसाठी २०१८ साली जे नियम झाले, त्यांत प्रत्येक दलालाने आपल्या व्यावसायिक चुकांसाठी विमा उतरविणे बंधनकारक केले आहे. जो दुसऱ्यांना विमा मिळवून देतो, त्याने स्वतः विम्याखाली असावे, हा न्याय सरळ आहे. जो दुसऱ्यांचे धन सांभाळतो, त्यालाही तो न्याय लागू व्हावा, असे म्हणणे गैर ठरणार नाही.

यावर कोणी आक्षेप घेईल की, विम्याची सक्ती केली तर लहान पेढ्या टिकणार नाहीत आणि हप्त्याचा बोजा अखेर ग्राहकावरच पडेल. आक्षेपात तथ्य आहे. विमा फुकट मिळत नाही. परंतु विमा नसतो, तेव्हा नुकसान नाहीसे होते असे नाही. ते फक्त सर्वांत दुर्बळ माणसाच्या पदरात जाऊन पडते. हप्त्याच्या रूपाने थोडे थोडे सर्वांनी सोसावे, की एके दिवशी सगळे एकानेच सोसावे, एवढाच निवडीचा प्रश्न आहे.

समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आभासी चलनाला मुद्रा नाही व सही नाही, हे खरे. परंतु त्याचा व्यवहार माणसेच करतात. पेढी माणसे चालवितात, सल्ला माणसे देतात, हिशेब माणसे लिहितात, किल्ल्या माणसे सांभाळतात. चलनाच्या मागे कोणी उभा नसला, तरी त्याची सेवा विकणाऱ्या प्रत्येकामागे कर्तव्य उभे करता येते. हे कर्तव्य उभे करणे हे कायद्याचे काम. त्या कर्तव्याच्या भंगाची झळ वाटून घेणे हे विम्याचे काम. आणि कर्तव्याचा भंग होऊच न देणे हे आपले, तुमचे-माझे काम होय. पहिली दोन कामे कितीही उत्तम झाली, तरी तिसऱ्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, पुढे कोणताही व्यवसाय पत्करा. आपल्याला न समजणाऱ्या गोष्टीवर मोबदला घेऊन सल्ला देऊ नका, आणि दिलेल्या सल्ल्याची नोंद ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. आपल्या कष्टाचा पैसा कोणाच्या हाती सोपविण्यापूर्वी परतावा किती, हे विचारण्याआधी चार साधे प्रश्न विचारावे. हा पैसा गेला तर जबाबदार कोण? तो कोणत्या कायद्याने जबाबदार आहे? त्याच्याजवळ विमा आहे काय, व कितीचा? आणि बीजक कोणाजवळ आहे? या चारांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर पैसा पेटीतच ठेवलेला बरा. त्या पेटीच्या तळाशी पडलेल्या पाव आण्यावर निदान एक नाव तरी वाचता येते.